चेहेल सुतून पाहायला जाताना: इस्फहानचा राजवाडा आणि त्याची बाग

इराणमधल्या इस्फहानला जाणारे बहुतेक प्रवासी चेहेल सुतूनला जेमतेम अर्धा तास देतात. मोठा चौक पाहून झालेला असतो, जेवणाला अजून अवकाश असतो, मग मधल्या वेळात हा राजवाडा उरकायचा. पहिल्या दिवशी मीही तेच केलं. अकराच्या सुमाराला आत शिरले, हौदाकडे न बघता थेट वाड्यात गेले, गर्दीतून माना उंचावत चित्रं पाहिली. बाहेर आले तर वारा सुटला होता आणि पाण्यात खांबांचा मागमूस नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तिकीट काढलं आणि तीन तास थांबले. पुढे जे लिहिते आहे ते त्या दुसऱ्या सकाळच्या हिशेबाने. हा राजवाडा पाण्याकडून पाहत यायचा असतो, आणि त्याला वेळ द्यावा लागतो.

आधी घरी बसून करायची कामं

सगळ्यात आधी परराष्ट्र मंत्रालयाने इराणबद्दल काय ताजी सूचना दिली आहे ती वाचा. विमानाचं तिकीट त्यानंतर. जून २०२५मधल्या इस्रायल-इराण युद्धात भारताला ‘ऑपरेशन सिंधू’ राबवून आपली माणसं परत आणावी लागली होती, हे लक्षात असू द्या. ‘जाऊ नका’ अशी सूचना असेल तर जाऊ नका. अशा सूचनेविरुद्ध गेलेल्या माणसाला प्रवास विम्याच्या अनेक पॉलिसीही हात देत नाहीत.

दुसरं काम व्हिसाचं. फेब्रुवारी २०२४मध्ये भारतीयांना पंधरा दिवसांसाठी बिनव्हिसा जाण्याची सवलत मिळाली होती. जुने लेख आणि व्हिडिओ अजून तेच सांगतात. ती सवलत २२ नोव्हेंबर २०२५पासून थांबवली गेली. तेव्हा जाण्याआधी व्हिसा हातात हवा. मुंबईत इराणचा वाणिज्य दूतावास आहे, आपल्याला तिथे चौकशी करणं सोपं. व्हिसा नक्की झाला की इस्फहानमधल्या तुमच्या हॉटेलला एक साधा प्रश्न विचारा: चेहेल सुतूनची सगळी दालनं सध्या उघडी आहेत का? जुन्या वास्तूत कधी एखाद्या भागाला परांच्या बांधलेल्या असतात, कधी दालन बंद असतं. इतकं लांब जाऊन कुलूप पाहण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं.

महिना निवडताना एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर धरा. इस्फहान समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंचावर आहे, हवा कोरडी. उन्हाळ्यात दुपारी पारा चाळिशीला टेकतो, हिवाळ्यात रात्री गोठवतात. २० किंवा २१ मार्चला नवरोज सुरू होतो आणि पुढचे तेरा दिवस अख्खा इराण फिरायला निघालेला असतो. माणसं पाहायची हौस असेल तर तेव्हा जरूर जा, शांतपणे वाडा पाहायचा असेल तर टाळा. मोहरममधले तासुआ आणि आशुरा हे दिवसही आधी कॅलेंडरवर तपासा, वास्तू बंद असतात. रमजानमध्ये दिवसा उघड्यावर खाणंपिणं चालत नाही. आठवड्याची सुटी शुक्रवारी असते, म्हणून राजवाड्यासाठी शनिवार ते बुधवारातली सकाळ राखा.

आणि जमलं तर जाण्याआधी अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, एक चक्कर मारून फराहबक्ष महाल पाहून या. लोक त्याला फरहाबाग म्हणतात. निझामशाहीत १५८३मध्ये पुरा झालेला हा अष्टकोनी महाल एका प्रचंड हौदाच्या मधोमध उभा आहे. हौद आता कोरडा आहे, पण महाल आणि पाणी एकत्र कल्पून बांधायची ही रीत कुठून आली ते इस्फहानमध्ये पोचल्यावर आपोआप कळतं. बुऱ्हाण निझामशाहाच्या दरबारात इराणहून आलेल्या शाह ताहिर या विद्वानाचा केवढा मान होता! ही ये-जा काही शतकं चालू होती. तिची एक खूण आपल्या दारातच असावी आणि आपण ती न बघता परदेशी जावं, याची मला खंत वाटते.

पैसे, कपडे, चार शब्द

आपलं कुठलंही डेबिट किंवा क्रेडिट कार्ड इराणमध्ये चालत नाही. निर्बंधांमुळे तिथल्या बँका बाहेरच्या जगाशी जोडलेल्या नाहीत. पूर्ण मुक्कामाचे पैसे डॉलर किंवा युरोमध्ये, नव्या आणि न चुरगळलेल्या नोटांत, सोबत न्यायचे. बदलायचे ते ‘सर्राफी’त. शब्द ओळखीचा वाटला ना? आपल्या सराफाचाच हा भाऊबंद. नोटेवर रियाल छापलेले असतात, पण माणसं बोलतात तोमानमध्ये, आणि एक तोमान म्हणजे दहा रियाल. दुकानदाराने सांगितलेल्या आकड्यावर एक शून्य वाढवलं की रियाल होतात. पहिल्या दोन दिवसांत गोंधळ होतोच. अशा वेळी ‘तोमान?’ एवढंच विचारायचं.

तिथले आकडेही येताना शिकून या, अर्ध्या तासाचं काम आहे. शून्य म्हणजे नुसता ठिपका. पाच म्हणजे उलटं बदाम. सात हा वर उघडा कोन आणि आठ तोच उलटा ठेवलेला. तिकीटखिडकीवर परदेशी पाहुण्यांचा दर वेगळा आणि स्थानिकांपेक्षा बराच जास्त असतो. फलकावरच्या दोन ओळींतली आपली कोणती, हे आकडे येत असले की लगेच समजतं.

बायकांनी डोक्यावर ओढणी किंवा स्कार्फ घ्यायचा हा तिथला कायदा आहे. तेहरानच्या रस्त्यांवर तुम्हाला उघडे केसही दिसतील, पण पाहुणीने त्यावरून आपला अंदाज बांधू नये. मी आपली सुती ओढणी आणि गुडघ्यापर्यंतचा सैल कुर्ता घालून फिरले, कुठेही अडचण आली नाही. रेशमी ओढणी सतत घसरते, सुतीच न्या. पुरुषांनी अर्धी चड्डी घालू नये. सामानात एक छोटी दुर्बीणही ठेवा. ती कशाला, ते पुढे येईलच.

आणि शब्द. बाग, दरवाजा, बाजार, शहर, गुलाब, ऐना, मेवा हे जवळजवळ आपल्यासारखेच म्हणा, समोरच्याचा चेहरा खुलतो. हौदाला ते ‘होज’ म्हणतात. मैदान म्हणजे चौक. रस्त्याला खियाबान. पुरुषाला ‘आगा’, बाईला ‘खानूम’ म्हणून हाक मारायची. तिकिटाला ‘बिलीत’ म्हणायचं.

पोचायचं कसं

तेहरानच्या इमाम खोमेनी विमानतळावर उतरलात तर तिथून इस्फहान साधारण चारशे किलोमीटर दक्षिणेला. विमानतळ तेहरानच्या दक्षिणेलाच आहे, त्यामुळे परत शहरात न जाताही पुढची वाट धरता येते. रुंद खुर्च्यांच्या व्हीआयपी बस असतात. पाच-सहा तास लागतात. शहरात फिरायला ‘स्नॅप’ हे टॅक्सीचं अ‍ॅप आहे, पैसे रोख देता येतात. नकाशा मात्र आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा, इंटरनेटचा भरवसा धरू नका.

राजवाडा नक्श-ए-जहान चौकाच्या पश्चिमेला, चौक आणि चहारबाग रस्ता यांच्या मधोमध आहे. चौकातून चालत दहा मिनिटं. सकाळी उघडायच्या वेळेलाच दारात उभं राहायचं. इमारतीचं तोंड पूर्वेला आहे, त्यामुळे सकाळचं ऊन सरळ ओसरीत शिरतं आणि वाराही बहुधा पडलेला असतो. दुपारी गेलात तर वाडा सावलीत आणि सूर्य तुमच्या डोळ्यांत.

आधी हौद

आत शिरल्यावर समोर लांबच लांब हौद दिसतो, सुमारे ११० मीटर लांब आणि १६ मीटर रुंद. त्याच्या पलीकडच्या टोकाला वाडा. सगळे लगेच चालू लागतात. तुम्ही थांबा. हौदाच्या अलीकडच्या काठाशी, अगदी मधोमध, उकिडवे बसा. डोळे पाण्याच्या पातळीजवळ आले की वरचे खांब आणि पाण्यातले खांब एकमेकांना जोडले जातात.

चेहेल म्हणजे चाळीस, सुतून म्हणजे खांब. संस्कृतातली ‘स्थूणा’ आणि हा ‘सुतून’ एकाच घराण्यातले. प्रत्यक्षात लाकडी खांब आहेत वीस, आणि उरलेले वीस पाण्यातले, असं प्रत्येक गाइड सांगतो. ते खरंच सुंदर आहे. पण फारशीत चाळीस हा आकडा ‘पुष्कळ’ या अर्थानेही येतो, आपण ‘छप्पन वेळा सांगितलं’ म्हणतो तसा. पर्सेपोलिसच्या अवशेषांनाही लोक पूर्वी ‘चेहेल मिनार’ म्हणत, आणि तिथे पाण्याचा हौद नव्हता. दोन्ही अर्थ मनात ठेवून पाहिलंत तर काही बिघडत नाही.

कारंजी सुरू नसताना पाणी आरशासारखं असतं. ती सुरू झाली की प्रतिबिंब फुटतं, म्हणून फोटो काढायचा तो आधीच काढून घ्या. मग हौदाच्या कडेकडेने सावकाश चाला. कोपऱ्यांवर दगडी मूर्ती दिसतील, स्त्रिया आणि सिंह. त्या इस्फहानमधल्या नष्ट झालेल्या दुसऱ्या सफवी (हा राजवाडा बांधणाऱ्या राजघराण्याच्या) इमारतींतून इथे आणल्या आहेत.

बाग डावी-उजवीकडे पसरलेली आहे. उंच चिनार, पाइन, मधून पायवाटा. २०११मध्ये युनेस्कोने ‘पर्शियन बाग’ या नावाने इराणमधल्या नऊ बागा एकत्र जागतिक वारसा यादीत घेतल्या, त्यांतली ही एक. फुलांचे ताटवे शोधत गेलात तर थोडी निराशा होईल. इराणी बागेचा जीव पाण्यात आणि सावलीत असतो. भोवती रखरखीत मुलूख, आणि त्यात भिंत घालून आत पाणी खेळवलेलं. सरळ रेषेत पाणी, त्याच्या दोन्ही अंगांना झाडं, शेवटी इमारत. इस्फहानमध्ये हे पाणी जायंदेरूद नदीतून काढलेल्या पाटांनी यायचं. त्या पाटांना तिथे ‘मादी’ म्हणतात आणि शहरभर ते अजून दिसतात. याच सुमाराला, १६५०च्या दशकात, औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, बीबी का मकबऱ्याचं काम चालू होतं. तिथली चारबाग ज्यांनी पाहिली आहे त्यांना इथली मांडणी लगेच उमगेल.

ओसरीत

वाड्याच्या पुढच्या खुल्या भागाला ‘तालार’ म्हणतात. मला तर ती ओसरीच वाटली, फक्त राजाच्या मापाची. दुसऱ्या शाह अब्बासच्या काळात, १६४७मध्ये, ही वास्तू पुरी झाली. परदेशी वकील, पाहुणे राजे यांचं स्वागत इथे व्हायचं. १७०६मध्ये आग लागली, त्यानंतर पुन्हा बांधकाम झालं.

इथे खांब मोजा. सहा-सहाच्या तीन ओळी म्हणजे अठरा, आणि आतल्या महिरपीपुढे दोन. खांब अष्टकोनी आहेत, वर जाताना किंचित निमुळते होत जातात. हात लावायचा नाही, पण जवळ जाऊन पाहता येतं: लाकडाला उभ्या चिरा पडल्या आहेत आणि एका चिरेत मुंग्यांची रांग चालली होती, थेट छताच्या दिशेने.

आता खाली बघा, कारण इथेच बहुतेकांची नजर वर असते. मधल्या चार खांबांच्या पायथ्याशी दगडी सिंह आहेत आणि त्यांच्यामध्ये एक संगमरवरी हौद. सिंहांच्या तोंडातून या हौदात पाणी पडायचं. मी एका सिंहासमोर खाली बसले. त्याच्या आयाळीच्या वळ्या इतक्या माणसांच्या हातांनी गुळगुळीत झाल्या आहेत की त्या डोळ्यांपेक्षा सावलीवरूनच जास्त कळतात. बाहेर ऊन तापलेलं असताना राजा या पाण्याच्या आवाजात बसत असेल, समोर तो लांब हौद, डोक्यावर रंगवलेलं लाकडी छत. त्या छताची भौमितिक नक्षी पाहायला खांबाला पाठ न टेकता मान मागे टाकून थोडा वेळ उभे राहा.

ओसरीच्या मागे आरसेकामाची महिरप आहे. हजारो ऐन्यांचे तुकडे. हौदावरून परतलेला उजेड सकाळी त्यांत हलताना दिसतो. तो साधारण तासभरच असतो.

चित्रांचं दालन

इथे दुर्बीण काढा. मोठी चित्रं भिंतींच्या वरच्या भागात आहेत, मानेला ताण येतो आणि फोनचा झूम रंग मारून टाकतो. फ्लॅश वापरू नका.

मोठी चित्रं सहा. चार सफवी काळातली, आणि लांब भिंतींच्या मधली दोन नंतर घातलेली. त्या चारांतलं जे चित्र भारतीयाने सोडू नये ते हुमायूनचं. शेरशाह सूरीकडून हरून, राज्य गमावून तो १५४४मध्ये सफवी राजा शाह तहमास्पच्या आश्रयाला इराणात आला. चित्रात दोघे शेजारी बसले आहेत, पुढे वादक आणि नर्तकी. प्रत्यक्ष भेटीनंतर शंभर वर्षांनी, यजमानाच्या वंशजाने, स्वतःच्या दरबारात परदेशी पाहुण्यांनी पाहावं म्हणून हे काढवून घेतलं. तेव्हा ‘तुमच्या बादशहाला आम्ही हात दिला होता’ हे त्यातून न बोलता सांगायचं असणार. तहमास्पने फौज दिली, हुमायूनने कंदाहार आणि काबूल घेतलं, १५५५मध्ये दिल्ली. आणि त्याच्यामागोमाग मीर सय्यद अली आणि अब्दुस्समद हे इराणी चित्रकार आले, त्यांच्या हाताखाली मुघल चित्रशैली उभी राहिली. त्या चित्रासमोर मी सगळ्यात जास्त वेळ उभी होते.

मधल्या दोन चित्रांपैकी एक कर्नालच्या लढाईचं. २४ फेब्रुवारी १७३९. नादिरशाह घोड्यावर, मुघल बादशहा मुहंमदशाह हत्तीवर, भोवती फौजांची दाटी. आपल्याला ही तारीख दिल्लीच्या कत्तलीमुळे आणि मयूरासनामुळे माहीत असते. इथे ती विजयाची तारीख आहे. त्याच दिवसांत इकडे कोकणात वसईला वेढा पडलेला होता आणि मे महिन्यात चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला. एकाच वर्षातल्या या दोन गोष्टी माझ्या मनात कधी शेजारी आल्याच नव्हत्या. त्या भिंतीखाली उभी असताना आल्या.

दुसरं मधलं चित्र चाल्दिरानचं, १५१४. पहिला सफवी राजा शाह इस्माईल तलवार उगारून उस्मानी, म्हणजे ऑटोमन तुर्कांच्या, फौजेवर तुटून पडलेला. ही लढाई इराणी हरले होते, उस्मानींच्या तोफांपुढे. तरी राजवाड्याच्या भिंतीवर ती आहे. बाकीची चित्रं, म्हणजे उझबेकांशी लढाई आणि मध्य आशियाई खानांचं स्वागत, झटकन पाहिलीत तरी चालतील.

मग नजर खाली आणा. मोठ्या चित्रांच्या खालच्या पट्टीत लहान चित्रं आहेत: झाडाखाली बसलेलं जोडपं, सुरई घेतलेली मुलगी, बागेतली सहल. पुष्कळ लोक ती ओलांडून जातात. काजार काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या राजघराण्याच्या वेळी, इथल्या बऱ्याच चित्रांवर गिलावा चढवला होता. १९६०च्या दशकात इटालियन तज्ज्ञांच्या पथकाने इराण्यांबरोबर इथे जतनाचं मोठं काम केलं. काही ठिकाणी रंग विरलेत, काही चेहरे पुसटलेत, ते तसेच ठेवले आहेत. मला ते प्रामाणिक वाटलं.

दालनातल्या काचपेट्यांत चिनी मातीची भांडी, नाणी, जुनी कुराणं आहेत. वेळ कमी असेल तर सोडून द्या. त्याऐवजी बाहेर पडून वाड्याच्या दोन्ही बाजूंच्या ओसऱ्या पाहा. तिथल्या भिंतींवर युरोपीय पोशाखातली माणसं रंगवलेली आहेत, इथे आलेल्या फिरंग्यांची आठवण. आणि या बाजूला गर्दी नसते.

थकल्यावर

बागेत बाकं आहेत, चिनाराखाली बसा. इराणी कुटुंबं गप्पा मारायला येतात, ‘हिंद?’ म्हणून विचारतात, हिंदी सिनेमाबद्दल बोलतात. कुणी चहा दिला तर घ्या. साखर चहात घालायची नाही, खडा किंवा ‘पुलकी’ नावाची पातळ साखरेची चकती दातांत धरून वरून चहा प्यायचा. पुलकी इस्फहानची खासियत.

जेवायला गेल्यावर एक लक्षात ठेवा: इस्फहानची ‘बिरयान’ म्हणजे आपली बिर्याणी नव्हे. भाताचं एक शीतही नसतं. रोटीवर ठेवलेलं मेंढीच्या खिम्याचं कबाबासारखं काहीतरी असतं. शाकाहारी असाल तर ‘बेदूने गूश्त’, म्हणजे गोश्ताशिवाय, असं सांगा. ‘कश्के बादेमजान’ मागा. घोटलेलं वांगं आणि वर दह्या-ताकापासून केलेलं आंबट कश्क, गरम संगक रोटीबरोबर. आपल्या भरताची आठवण येईल. दही तिथे ‘मास्त’.

दुकानदार किंवा टॅक्सीवाला पैसे घेताना ‘काबेल नदारे’ म्हणाला, म्हणजे ‘त्याचं काय एवढं’, तर आभार मानून निघून जायचं नाही. हा ‘तारोफ’, तिथल्या बोलण्यातला आदबीचा रिवाज. दोन-तीनदा आग्रह करून पैसे द्यायचेच असतात. आणि दालनाच्या दारातल्या रखवालदाराला निघताना ‘खस्ते नबाशीद’ म्हणा, ‘दमू नका’. दिवसभर उभ्या असलेल्या माणसाला असं म्हणायची रीत मला फार आवडली.

तिकीट एकदाच आत शिरण्याचं असतं, फाटकाबाहेर पाऊल पडलं की ते संपलं. म्हणून निघण्याआधी पुन्हा एकदा हौदाच्या त्या टोकाशी जा आणि उकिडवे बसा. एव्हाना वारा सुटलेला असेल आणि कारंजीही चालू असतील, तर खांब वीसच दिसतील.